श्वासाला एक वीत

इनास लोपीस वारल्याला एकोणीस वर्षे झाली होती, आणि रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी तो बरोबर दहाच्या ठोक्याला हजर झाला. अंगात हॉटेलातला काळा कोट, केस पाणी लावून मागे बसवलेले. मागच्या दाराने आत येऊन, कुणाकडेही न बघता तो पियानोपाशी बसला, स्टूल दोन बोटे पुढे ओढले आणि झाकण उघडले. त्याच्या बायकोला, रेजिनाला, त्याची पाठ दिसली. कॉलरखाली डाव्या बाजूला तिनेच घातलेला टाका होता, काळा दोरा संपला म्हणून निळ्या दोऱ्याने घातलेला. याच कोटात त्याला पेटीत निजवले होते. टाका अजून पक्का होता.

"पियानोवाले आले का?" काचेपलीकडून हेरंब चुरीने विचारले.

"आले," रेजिना म्हणाली.

"मग आवाज बघून घेऊ."

हेरंबचा स्टुडिओ म्हणजे वसईच्या किनाऱ्यालगतचा जुना बर्फाचा कारखाना. बोटींना इथून बर्फ जाणे बंद झाले तेव्हा त्याने तो घेतला, कारण भिंती दीड हात जाड होत्या आणि आतून बुचाने मढवलेल्या होत्या. आत बोललेला शब्द ओठांपाशीच थांबे. भर उन्हाळ्यातही फरशीतून गारवा पायांत चढे. एका टोकाला काच, काचेमागे हेरंबची यंत्रांची खोली, काचेपुढे माईक, वर रेकॉर्डिंगचा लाल दिवा. आणि समोरच्या टोकाला भिंतीला लावलेला उभा काळा पियानो, आरशासारखा पॉलिश केलेला. माईकपासून पियानो चार पावलांवर होता. हे पहिल्या दिवशीचे अंतर.

काचेमागे हेरंबशेजारच्या खुर्चीत ओल्गा बसली होती, मांडीवर चहाचा थर्मास आणि पर्स. ओल्गा ही इनासची धाकटी बहीण. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली; लग्न केले नाही, आणि भाऊ गेल्यापासून वहिनीजवळ राहायला आली ती कायमचीच. हा अल्बम तिच्याच हट्टाने होत होता. ज्या हॉटेलात इनास पियानो वाजवी आणि रेजिना गाई, तिथल्या त्याच्या शेवटच्या संध्याकाळची गाणी त्याने मेनूकार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिली होती. सात गाणी. सगळी जुनी इंग्रजी प्रेमगीते, जॅझ गाणाऱ्यांच्या पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली: कुणाची तरी छत्री स्टेशनवर राहते, कुणी तरी आपले नाव चंद्राला सांगून ठेवते, कुणी रविवारची वाट बघते आणि रविवार एकटाच येतो. ते कार्ड ओल्गाने एकोणीस वर्षे प्रार्थनेच्या पुस्तकात जपले होते.

"भावाच्या नावाची एवढी एक वस्तू मागे राहू दे," ती म्हणाली होती. "तुझ्या गळ्यात आवाज आहे तोवर. पुढच्या वर्षी असेल का, तूच सांग."

रेजिनाला नाही म्हणता आले नाही. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते.

तिने माईकपुढे उभे राहून डावा हात पाठीमागे घेतला आणि दोन बोटे खाली दाखवली. हॉटेलातल्या बँडवाल्यांची ही रीत. पाहुण्यांसमोर ओरडून पट्टी सांगायची नसते, म्हणून गाणारी पाठीमागच्या बोटांनी सांगते. बोटे वर म्हणजे एक पट्टी, खाली म्हणजे दुसरी. एक, दोन, तीन, ज्याची त्याची खूण ठरलेली. दुसरी रीत अशी की गाणारीने मागे वळायचे नाही. तिचे तोंड पाहुण्यांकडे, पाठ वाजवणाऱ्यांकडे. सव्वीस वर्षे रेजिना इनासपुढे अशी उभी राहिली होती. आत्ता त्याचे तोंड भिंतीकडे होते. पण पियानोच्या काळ्या पॉलिशमध्ये त्याला तिची बोटे दिसली असावीत, कारण त्याने लगेच वाजवायला घेतले. चार बारांची सुरावट, म्हणजे चार वेळा एक-दोन-तीन-चार, आणि मग तिने पहिला श्वास घेतला.

छत्रीचे गाणे पावणेचार मिनिटांत झाले. लाल दिवा विझला. मागे पियानोचे झाकण मिटल्याचा आवाज आला, आणि ती वळेपर्यंत इनास मागच्या दारातून बाहेर पडत होता. दार आता लांब दिसत होते.

"आंटी, पियानोची केबल ताणलीय," हेरंब म्हणाला. तो टेप घेऊन बाहेर आला, गुडघ्यांवर बसून माप घेतले, मग कारखान्याबाहेर एक चक्कर मारून आला. "साडेसोळा फूट वाढलंय. उद्या मंडपवाल्याकडून लांब केबल आणतो."

"भिंत तीच आहे?"

"भिंत तीच. बाहेरून बघून आलो. जागच्या जागी आहे." त्याने टेप खिशात टाकला. "काकांचा हात मात्र काय सुरेख. श्वासाचा आवाजही येत नाही त्यांचा. माईकला असं माणूस मिळत नाही."

ओल्गा काचेपाशी उभी होती. "बारीक झालाय भाऊ," ती म्हणाली.

"एकोणीस वर्षं झाली, ओल्गा."

"तरी पण."

घरी आल्यावर ओल्गा कढीपत्ता तोडायला वाडीत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. त्यांची जागा अरुंद पण लांबच लांब: रस्त्याला ओटी, मग मधली खोली, स्वयंपाकघर, आणि मागे विहीर आणि केळीची वाडी, थेट कुंपणापर्यंत. "कुंपण पुढे सरकलंय," ती म्हणाली. "केळीच्या शेवटच्या दोन रांगा एकमेकींत शिरल्यात. पान एक मोडलं नाही." शेजारणीनेही संध्याकाळी ओट्यावरून विचारले, कुंपण हलवलेत वाटते, बरे केलेत, मागे फार गवत माजले होते.

दुसऱ्या दिवशी ओल्गाने पेन्सिल आणि वही बरोबर घेतली. गाणे चालू असताना ती काचेमागून रेजिनाच्या खांद्यांकडे बघत एकेक रेघ मारत होती. चोवीस रेघा झाल्या. हेरंबच्या टेपवर अठरा फूट आले. त्या दुपारी तिने वाडीचे माप घेतले, मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चष्म्यावरून वहिनीकडे पाहिले.

"श्वासाला एक वीत," ती म्हणाली. "तू गाताना एक श्वास घेतलास की भाऊ एक वीत लांब जातो. आणि तेवढीच वीत आपल्या घरातून जाते. काल बावीस, आज चोवीस. उंबरठ्यापासून कुंपणापर्यंत एकशे चौऱ्याहत्तर होत्या. मी आत्ता एकशे अठ्ठावीस मोजल्या. हिशेब तंतोतंत आहे."

"मग थांबवू या का?"

ओल्गाने वही मिटली. "त्याला भेटायला मी आज मागून गेले होते," ती म्हणाली. "पॅटीस घेऊन. त्याला आवडायचे ना. शेवटची रेघ मारली आणि पियानो थांबायच्या आधीच कारखान्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथं दारच नाही, वहिनी. सपाट भिंत, आणि बायका बोंबील वाळत घालतायत. त्यांनाच दिले पॅटीस." तिने पेन्सिल वहीत खोचली. "पाच गाणी राहिलीत. पाच दिवस तरी येईल. तू श्वास जपून घे म्हणजे झालं."

रेजिनाने श्वास जपायचा प्रयत्न केला. त्रेसष्ट वर्षांच्या छातीत जागा कमी होती. चाळिशीत जे गाणे ती बारा श्वासांत म्हणे, त्याला आता दुप्पट लागत. ती दोन ओळी एका श्वासात ओढायला लागली, शब्दांची शेपटे खाऊ लागली. पण अडचण वेगळीच होती. साथीला बसलेला माणूस गाणारीच्या श्वासासाठी जागा सोडतो, आणि इनास अशी जागा सोडण्यासाठीच नावाजलेला होता. ती जागा समोर आली की श्वास आपोआप आत येई, जसे उघड्या दारातून वारे येते. आणि इनास आता पूर्वीपेक्षा लांब जागा सोडत होता. प्रत्येक गाण्यात थोडी अधिक लांब. रेजिनाला या लांबलेल्या जागा ओळखीच्या होत्या. अशा त्याने पूर्वी एकाच संध्याकाळी सोडल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी तेवीस झाले. चौथ्या दिवशी एकवीस, आणि त्या दुपारी विहीर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली. ओल्गा दारातूनच पोहरा सोडू लागली. "एवढं एक बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या कंबरेच्या वतीने देवाचे उपकार मान."

"मानते."

"मग उद्या वीसच्या आत आण."

पाचव्या दिवशी रेजिनाने सतरा श्वासांत गाणे पुरे केले. शेवटच्या ओळीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. काचेमागे ओल्गाने दोन्ही हात वर केले, शाळेत पोरांनी अवघड गणित सोडवल्यावर करीत असे तसे. हेरंब मात्र कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाला, "आंटी, राग मानू नका, पण हे प्रेमाचं गाणं वाटत नाही. जिना चढल्यासारखं वाटतं."

"काय करू?"

"काका जागा देतायत. घ्या ना."

रेजिना त्याच्याकडे बघत राहिली. हेच वाक्य ती स्वतःला एकोणीस वर्षांपूर्वी म्हणाली होती.

पियानो आता इतका दूर होता की सूर किंचित उशिरा येऊ लागले. हेरंब ते यंत्रावर जुळवून घेई. रेजिनाला जुळवता येत नव्हते. ती एक अक्षर पुढे असे आणि इनास तिच्यामागून येत असे, गर्दीत हात सुटलेल्या माणसासारखा. सहाव्या गाण्याला पुन्हा एकवीस श्वास गेले. त्या संध्याकाळी स्वयंपाकघर मधल्या खोलीत शिरले. चूल इनासच्या फोटोखाली आली. ओल्गाची खाट ओटीवर आली, रेजिनाचे कपाट खाटेला टेकले, आणि दोघी जणी जेवायला बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे एकमेकींना लागत होते.

"उद्या सातवं," ओल्गा म्हणाली. तिने भाताचा घास तसाच हातात धरला होता. "संपल्यावर निदान एकदा वळून बघेल ना तो? तुला काय वाटतं?"

रेजिना उठून ताट विसळायला लागली. त्यासाठी तिला पाऊलही उचलावे लागले नाही.

सातवे गाणे रविवारचे. बावीस श्वास. लाल दिवा विझला. रेजिना झाकणाच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली. आवाज आला नाही.

"आंटी," हेरंब म्हणाला, "काका उठले नाहीत."

तिने काचेत पाहिले. काचेत तिच्या खांद्यामागे ती लांबच लांब खोली उमटली होती आणि अगदी शेवटी, काडेपेटीएवढा पियानो आणि त्याच्यापुढे काडीएवढा माणूस. हात पट्ट्यांवर, मान किंचित खाली. तो पॉलिशमध्ये बघत होता.

"थकला असेल," ओल्गा म्हणाली. मग तिने पर्समधून कार्ड काढून चष्म्याशी नेले. "सातच आहेत. हे बघ. सात लिहून खाली रेघ मारलीय त्याने."

"अजून एखादं आहे का?" हेरंबने विचारले. "असं बसतात ते, पुढचं वाजवायचं असलं की."

रेजिना काचेमागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. तिथे तीन माणसांना जेमतेम जागा होती. ती उभीच राहिली.

"आठ होती," ती म्हणाली.

"काय आठ?"

"त्या संध्याकाळी. सात झाली, टाळ्या थांबेनात. पुढच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं, लग्नाचा वाढदिवस होता त्यांचा. बाई रडत होती. मी हात मागे घेतला आणि तीन बोटं खाली दाखवली. त्या पट्टीत आमचं एकच गाणं, जिन्याचं. आठवं मी मागितलं, ओल्गा."

ओल्गाने कार्ड मांडीवर ठेवले. "तू सांगितलं होतंस की सातवं संपलं, तू वळलीस आणि तो तसाच बसलेला होता."

"आठवं संपलं. तेव्हा वळले."

"डॉक्टर म्हणाले होते, छातीत दुखणं अर्धा तास तरी आधी सुरू झालं असेल."

"हो."

"म्हणजे तू बोटं दाखवलीस तेव्हा…"

"हो. सुरावट तो नेहमी चार बारांची वाजवायचा. सव्वीस वर्षांत कधी पाच नाही केले. त्या दिवशी त्याने सहा वाजवले. मग गाण्यात जागा सोडत गेला, मोठ्या मोठ्या. मला वाटलं, आज रंगलाय. मला वाटलं, मला जागा देतोय. मी प्रत्येक ठिकाणी भरपूर श्वास घेतला. इतकं चांगलं मी कधीच गायले नव्हते." तिचा आवाज सपाट होता. "लोक उभे राहिले. ड्रमवाला हसून म्हणाला, अंकलला झोप लागली वाटतं."

यंत्राची सुई बारीक थरथरत होती.

"हेरंब," ओल्गा म्हणाली, "त्या लयीत सहा बार म्हणजे किती सेकंद?"

हेरंबने टेबलावर बोटाने ताल धरला. "चोवीस."

"आणि चार?"

"सोळा."

"आठ सेकंद," ओल्गा म्हणाली. "आठ सेकंद तो तुझी वाट बघत होता."

"मी वळावं म्हणून असेल," रेजिना म्हणाली. "नाही तर हात उठत नसतील म्हणून. नाही तर खरंच रंगला असेल. मला माहीत नाही. एकोणीस वर्षं मी रोज ते आठ सेकंद मोजते. मला त्याचं तोंड बघायचंय, ओल्गा. एवढंच. तो मला थांब म्हणत होता की गा म्हणत होता, तोंडावरून कळेल."

ओल्गाने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. बराच वेळ ती भावाच्या पाठीकडे बघत होती. रेजिनाला वाटले, आता ही उठून जाईल. पण पस्तीस वर्षे गणित शिकवलेली बाई होती. तिने वही उघडली.

"आज बावीस," ती म्हणाली. "एकूण दीडशे. घरात आता चोवीस विती उरल्यात. माझी खाट, अल्तार, आणि उंबरठा. जिन्याच्या गाण्याला तुला किती लागतात?"

"त्या दिवशी सोळा लागले होते. आता तेवीस लागतील. चोवीसही."

"म्हणजे अल्तारावरचा येशू रस्त्यावर येईल."

"मग बोटं दाखवणार नाही मी."

"तो बसून राहील मग. बघ ना त्याच्याकडे. तुला सोडून तो कधी उठलाय?" ओल्गाचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आणि सांगायचं होतंस गं. मी काय तुला घराबाहेर काढलं असतं? घर तुझंच आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू घर सोडून गेली असतीस."

ओल्गाने यावर नाक पुसले.

हेरंब खाकरला. "एक सांगू का? मला अजून शांतता घ्यायचीय."

"कसली?"

"खोलीची. प्रत्येक अल्बमच्या शेवटी घेतो. सगळे जागच्या जागी, कोणी वाजवायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची. दोन गाण्यांच्या मध्ये तीच लावतात, नाहीतर जोड ऐकू येतो." तो रेजिनाकडे न बघता बटणे पुसत होता. "लाल दिवा लागलेला असतो तेव्हा, आणि दिवा चालू असताना काका उठत नाहीत. पण तेव्हा श्वास घ्यायचा नसतो. सगळे धरून ठेवतात. पायात चपला नसतील तर फरशीवर आवाज होत नाही. माझं म्हणणं एवढंच."

रेजिनाने चपला काढल्या आणि ओल्गाच्या खुर्चीखाली सरकवल्या. ओल्गाने मनात काही तरी मोजले.

"दीडशे विती आणि चार पावलं," ती पुटपुटली. "भरभर चाललीस तर साठ पावलं. सेकंदाला दोन. पळू नकोस, पळालीस की श्वास लागेल."

"तुझ्यासाठी काही सांगू त्याला?"

"आधी पोच."

रेजिना माईकपाशी जाऊन उभी राहिली. पाठीमागे कसलीच हालचाल नव्हती. तिने छाती भरून श्वास घेतला, दिवा लागायच्या आत, जितका मावेल तितका, आणि तोंड मिटले. काचेमागे ओल्गानेही गाल फुगवून श्वास धरला होता. हेरंबने बोट वर केले आणि खाली आणले.

लाल दिवा लागला. रेजिना मागे वळली.

सव्वीस वर्षे आणि वर सात दिवस, त्याचे हात पट्ट्यांवर असताना, तिने जे केले नव्हते, ते इतके सोपे होते. फरशी बर्फासारखी गार होती. तिने मोजायला सुरुवात केली. दहा पावलांवर पहिल्या दिवशीची केबल संपून दुसरी जोडलेली होती. तिथे फरशीवर केळीचे वाळके सोपट पडलेले होते. वीस पावलांवर भिंतीच्या बुचाला विहिरीच्या काठाची ओल लागली होती आणि पोहऱ्याचा दोर लोंबत होता. तीसवर कढीपत्त्याचे झाड होते, हिरवेगार. तिच्या खांद्याला पाने घासली, आणि तिने दोन्ही हातांनी ती धरून आवाज होऊ दिला नाही. चाळीसवर त्यांचे स्वयंपाकघरातले टेबल होते. टेबलावर ओल्गाची पेन्सिल होती. रेजिनाच्या कानांत रक्ताचे ठोके पडू लागले. जिन्याच्या गाण्यातला प्रियकर म्हणतो, शेवटच्या पायरीवर थांब आणि एकदाच मागे वळून बघ, मग जा. हे तिने हजार वेळा म्हटले होते, समोर बघून.

पन्नास. आता त्याची पाठ माणसाएवढी झाली. कॉलरखालचा निळा टाका दिसू लागला. पियानोचे पॉलिश गारव्याने धुरकट झाले होते. त्यात तिला स्वतःची सावली मोठी होत येताना दिसली. इनासच्या तोंडासमोरचा भाग मात्र लख्ख काळा होता, तिथे वाफ धरली नव्हती. पण तिथे बघायचे तर त्याच्या शेजारी जाऊन वाकायला हवे होते. पंचावन्न. छातीच्या फासळ्या आतून कुणी तरी आवळत होते. सत्तावन्न.

इनासने उजवा हात पट्ट्यांवरून उचलला आणि पाठीमागे घेतला. तीन बोटे खाली.

त्याचा डावा हात एकट्यानेच सुरावट वाजवू लागला, हळू, जिन्याच्या गाण्याची. पहिला बार. दुसरा. रेजिनाने हात पुढे केला. तिची बोटे आणि त्याची तीन बोटे यांच्यामध्ये एक वीत होती. तिसरा बार झाला. चौथा झाला. इथे तिने गायला सुरुवात करायची असे. डोळ्यांपुढे काजवे होते, लाल दिवा लागलेला होता आणि छातीत श्वास उरला नव्हता. इनासची मान हळूहळू डावीकडे वळू लागली. पाचवा. सहावा बार संपत आला, आणि त्याने तिच्यासाठी जागा सोडली.